बाहेरचा फोटो

"डॉक्टरीनबाई, तुमी आमच्या यायचा फोटो काढला होता ना?"

शाहीननं एक्स-रेच्या खोलीतून मान बाहेर काढली. आपण डॉक्टर नाही, हे ती सव्वीस वर्षं पेशंटना सांगत आली होती. आज सांगायचं राहून गेलं. दाराजवळच्या बाकावर रुख्मिणीबाई एकट्याच बसल्या होत्या. दर तीन महिन्यांनी त्या नवऱ्याला धामणगाव रेल्वे या गावाहून इथं अमरावतीला तपासायला आणत. आज शेजारची जागा रिकामी होती आणि कपाळही मोकळं होतं.

"कधी झालं?" शाहीननं विचारलं.

"आज आठवा दिवस. तेरवीले पाटावर ठेवाले फोटो नाही त्यायचा. मतदानाच्या कार्डावर हाय, पन त्यात चोरावानी दिसते मानूस. पुतण्याच्या मोबाइलात होते चार-पाच, तर त्यानं मोबाइलच बदलवला. मंग मले तुमचा काळा कॅमेरा याद आला."

रुख्मिणीबाईंच्या नवऱ्यानं, खुशालरावांनी, तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये रुई ओढली होती. ती रुई त्यांच्या छातीत कुठं कुठं बसली आहे, हे शाहीनला पाठ होतं. भोवतालच्या गावांत कापसाचं गणित बिघडत गेलं आणि दोन वर्षांपूर्वी जिन बंद पडली. खोकला चालूच राहिला. त्या वर्षांत खेड्यांतून येणारे पेशंट कमी झाले नव्हते, फक्त उशिरा येऊ लागले होते. कोणाला किती उशीर झाला, ते फिल्मवर स्पष्ट दिसायचं. खुशालरावांनाही उशीर झाला होता.

गेल्या संक्रांतीच्या सुमाराला फिल्म काढून झाल्यावर सदरा चढवताना ते म्हणाले होते, "बाई, आतला फोटो लय वेळा काढला तुमी. एखाद्या बारी बाहेरूनबी काढा ना."

शाहीनला हसू आलं होतं. तिचं सगळं आयुष्य आतले फोटो काढण्यात गेलं होतं. बरगड्या, मणके, गुडघे. दिवसाला चाळीस माणसं समोर उभी राहायची आणि संध्याकाळी एकही चेहरा आठवायचा नाही. म्हणून तर तो कॅमेरा होता. अकोल्यातला एक स्टुडिओ डिजिटल झाला तेव्हा त्यांनी जुनं सामान काढून टाकलं, त्यातून तिच्या अब्बांनी, कुर्बानभाईंनी, तो उचलून आणला होता. अब्बा गेल्यावर घरात अम्मी, ती आणि कॅमेरा एवढेच उरले.

तो रेंजफाइंडर होता. त्यात समोरच्या मोठ्या भिंगातून बघत नाहीत, बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतात. खिडकीच्या मधोमध एक पिवळट चौकोन असतो आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. रिंग हलकेच फिरवली की दोन्ही प्रतिमा सरकत सरकत एकमेकींवर येतात आणि एक होतात. त्या क्षणी शाहीनच्या पोटात काहीतरी जागच्या जागी बसायचं. तसं सुख तिला दुसऱ्या कशात सापडलं नव्हतं. महिन्याला आठ-दहाच फोटो ती काढायची. कधी मोझरीच्या आश्रमाबाहेर दाढी करणारा न्हावी, कधी उन्हात वाळत घातलेली मिरची.

"फोटो काढला हाय, मावशी," ती म्हणाली. "पन रीळ धुतलं नाही अजून. कॅमेऱ्यातच हाय."

रुख्मिणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "म्हंजे ते अजून आतच हायेत?"

शाहीननं लॉकरमधून कॅमेरा काढून बाकावर ठेवला. रुख्मिणीबाईंनी त्याच्या चामडी खोळीवर दोन बोटं ठेवली, झोपलेल्या माणसाच्या अंगाला लावावीत तशी, आणि लगेच उचलली.

"दीड तास बसा," शाहीन म्हणाली.

सोमवारी प्लंबर येणार होता. दवाखान्यात डिजिटल मशीन आलं होतं. त्याचा पडदा सकाळपासून निळा उजेड टाकत खोलीत उभा होता. मागची अंधारखोली आता लागणार नव्हती. तिथल्या टाक्या काढून बॅटऱ्या ठेवायच्या होत्या. शाहीन आपली रिळंही याच टाक्यांत धूत आली होती. अमरावतीत कृष्णधवल रीळ धुणारं दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

फिल्म धुण्याचं औषध, डेव्हलपर, पंधरा दिवस बदललेलं नव्हतं. झाकण काढलं तर रंग कडक चहासारखा झालेला. औषध मेलं असेल तर खुशालराव कायमचे गेले.

"म्याडम, टाकून द्या तो कॅमेऱ्याचा डबा," दाराशी येऊन आशाबाई म्हणाल्या. त्या खोलीच्या अटेंडंट होत्या आणि कोणाचीही टिंगल करायचा हक्क त्यांनी फार पूर्वी मिळवला होता. "माही नात तीन वर्साची हाय. मोबाइलले बोट लावते का निंघाला फोटो. तुमी बसा लोणच्यावानी मुरवत."

"मुरलं तेच टिकते, आशाबाई. दार सांभाळा. कोनाले उघडू देऊ नका."

रिळात अजून सात फोटो शिल्लक होते. अर्धं रीळ तिनं आजवर कधी काढलं नव्हतं. आज तिनं ते उलटं गुंडाळून घेतलं. बाहेर राहिलेल्या शेपटीचा, उजेड लागलेला, बोटभर तुकडा कापून तिनं डेव्हलपरमध्ये बुडवला आणि घड्याळ बघत उभी राहिली. ताज्या औषधात असा तुकडा मिनिटभरात काळा होतो. याला साडेतीन मिनिटं लागली. पण झाला. औषध थकलं होतं, मेलं नव्हतं. औषधातला पारा एकतीस अंशांवर होता. तिनं कागदावर हिशेब मांडला, दोनदा तपासला आणि अकरा मिनिटं ठरवली.

मग लाल दिवाही घालवला. एक्स-रे फिल्मला तो चालतो, या फिल्मला नाही. गच्च काळोखात तिनं स्टीलच्या चौकटीवर फिल्म वळसे देत अडकवली आणि टाकीत सोडली. घड्याळ दिसत नव्हतं. आकडे तोंडानं मोजायचे.

"भूत पकडून राहिल्या का म्याडम आत?" दारापलीकडून आवाज आला.

"गप बसा. दोनशे बारा."

"मावशीले चहा देला मी. खाऊन नाही घेत काही. म्हन्ते, आदी त्याईले पाहू द्या."

शाहीन मोजत राहिली. सहाशे साठला तिनं चौकट उचलली, पाण्यातून काढली, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये सोडली. पाच मिनिटांनी दिवा लावला.

फिल्म निघाली होती. चार-पाच वर्षांत इतकं स्वच्छ रीळ निघालं नव्हतं. तिनं ते पहिल्यापासून सरकवत पाहायला सुरुवात केली. फिल्मवर सगळं उलटं: न्हाव्याचा वस्तरा काळा, गिऱ्हाइकाची सावली पांढरी. मिरची. अम्मी, पंख्याखाली पेंगताना. पंधरा, सोळा.

सतरा आणि अठरा कोरे होते.

त्या जागी फिल्म काचेसारखी आरपार होती. तिनं फिल्म दिव्याजवळ नेली. कडेचे छापील आकडे ठळक उमटले होते, म्हणजे औषधाचा दोष नव्हता. एकोणीसपासून पुढं सगळे फोटो होते, म्हणजे कॅमेऱ्यातला शटरचा पडदाही नीट चालत होता. या दोन जागी फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नव्हता. असं एकाच कारणानं होतं.

तिला ती दुपार आठवली. निंबाखालच्या बाकावर खुशालरावांना बसवलं होतं. नळावर ओले केलेले केस. ती कॅमेरा डोळ्याला लावणार तोच पाय मोडलेलं एक मूल आणलं म्हणून हाक आली. धूळ बसू नये म्हणून तिनं भिंगावर झाकण बसवलं आणि आत गेली. परत आली ती घाईत. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. झाकण भिंगावर होतं, खिडकीवर नव्हतं. डोळे मिटले असतील तर म्हणून तिनं एकाऐवजी दोन फोटो काढले. मग कॅमेरा खोळीत गेला. पुढच्या वेळी खोळ उघडली तेव्हा झाकण भिंगावर होतं, पण खोळीत ते नेहमीच तसं असतं, म्हणून काही वाटलंही नाही.

फिल्म नळाखाली लावून ती बाहेर आली. हात ओलेच होते.

"मावशी, नाही निंघाला फोटो."

शाहीन पुढं बोलत राहिली. "औषधाचं काही नाही. चूक माही हाय. समोरच्या काचेवर झाकण राहलं होतं. दोन्ही फोटोले."

"होतं झाकण," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मी पाहलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"मले वाटलं, तुमाले काढाले लागत नसन." त्यांनी पदर गुडघ्यावर नीट केला. "आतबी तं चामडी राह्यते, मांस राह्यते, तरी तुमाले छाती दिसतेच. म्हटलं, याच्यातूनबी दिसत असन आरपार. शिकल्यासवरल्या बाईले आपन काय सांगा."

आशाबाई दारात उभ्या होत्या. सव्वीस वर्षांत शाहीननं हजारो लोकांना सांगितलं होतं, श्वास घ्या, धरा, सोडा. मशीन काय करतं ते कोणाला सांगितल्याचं तिला आठवेना.

"पन बाई, तुमाले तं दिसले असतीन ना ते? त्या खिडकीतून?"

"दिसले ना."

"कसे दिसून राहिले होते?"

शाहीननं डोळे मिटून पाहिलं. ओले केस होते. मागं निंब होता. मधे पिवळट चौकोन. त्या चौकोनात दोन प्रतिमा जुळवायच्या तर काहीतरी ठळक कडेचं धरावं लागतं. चेहऱ्याला तशी कड नसते, म्हणून ती नेहमी कपड्यावरच काहीतरी शोधायची. त्या दिवशी एकाच्या दोन झालेल्या गुंड्या तिनं सावकाश सरकवत आणल्या होत्या आणि त्या एक झाल्या तेव्हा तिला नेहमीसारखं बरं वाटलं होतं. गुंडी आत्ताही लख्ख दिसत होती. चेहरा येत नव्हता.

"सदऱ्याची वरची गुंडी लावली होती त्यायनं," ती म्हणाली. "गळ्यापाशी. पांढरी गुंडी, काळ्या दोऱ्यानं लावलेली."

"आन् तोंड?"

शाहीन आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिली.

रुख्मिणीबाईंनी मान हलवली. "काळा दोरा मीच लावला होता," त्या म्हणाल्या. "पांढरा सरला होता घरातला." मग त्या उठल्या, पिशवी काखेत घेतली. "जातो मी. चारची गाडी हाय. कार्डावरचाच मोठा करून घेतो."

शाहीन त्यांच्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत गेली. तिथंच थांबली. फाटकाबाहेर ऑटोंची गर्दी होती. रस्ता ओलांडायच्या आधी रुख्मिणीबाई कडेला उभ्या राहिल्या. त्यांचा मोकळा हात वर गेला, आपल्याच गळ्याशी, गुंडी असते तिथं, आणि दोन बोटांनी तिथं काहीतरी चाचपल्यासारखं केलं. मग वाट मोकळी झाली आणि त्या पलीकडे गेल्या.