प्रितमच्या बदल्यात दोघी

आम्रपाली ओव्हाळने प्रितमला राजगुरुनगरच्या संघाला देऊन टाकलं, ही बातमी चिंचवडच्या मैदानावर पोहोचली तेव्हा मुलींनी सरावच थांबवला. एकीने हातातली बॅट गवतावर टाकली आणि म्हणाली, "मग आता आपण खेळायचं तरी कशाला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. इंद्रायणी क्लबच्या मुलींच्या बेसबॉल संघात नाव घ्यावं अशी एकच खेळाडू होती, ती म्हणजे चेंडू फेकणारी प्रितम. तिच्या हातून चेंडू सुटला की समोरची मुलगी बॅट फिरवेपर्यंत मागे कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो ठप्पकन आपटलेला असायचा. तरीही संघ वर्षानुवर्षं जिल्हा लीगच्या तळाशीच होता, कारण बाकीच्या आठ जणी थकल्या होत्या. कुणाची लग्नं झाली होती, कुणाला मुलं झाली होती, कुणाच्या कंपनीत शिफ्ट बदलत होत्या. रविवारी मैदानावर येणं हीच त्यांची मोठी कमाई होती.

क्लब काढला होता अनंत पेठकर सरांनी. सर पिंपरीच्या शाळेत पीटी शिकवायचे. मशीनवर काम करणाऱ्या बापाची हडकुळी आम्रपाली चेंडू सरळ फेकते हे त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि तिला मैदानावर आणण्यासाठी ते स्वतः ओव्हाळांच्या चाळीत जाऊन बसले होते. तीच आम्रपाली आता चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात होती. खेळणं तिने सोडलं होतं, मैदान सोडलं नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर सरांनी संघ तिच्या हाती दिला.

"नवी मांडामांड करावी लागणार," ते म्हणाले. "माझ्याच्याने कुणाला आता बस कर म्हणवत नाही. सगळ्या माझ्याच पोरी. तू म्हण."

लीग सुरू होण्याआधी क्लबांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येई. अट एवढीच, की त्या खेळाडूची सही हवी. आम्रपालीच्या मनात मात्र तेव्हा प्रितमचं नावही नव्हतं. प्रितमला धरून बाकी घर बांधायचं, असंच तिने ठरवलं होतं.

मग एक दिवस पहिली शिफ्ट सुटल्यावर ती चाकणमधल्या प्रितमच्या घरी गेली. सरावाच्या नव्या वेळा सांगायच्या होत्या. प्रितम बाहेर गेली होती. तिची आई चतुराबाई कांदा मार्केटमध्ये निवडणीचं काम करायची. नुकतीच घरी येऊन पाय सोडून बसली होती. तिने चहा ठेवला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "ताई, तुमच्या त्या खेळात पोरीचा हात मोडंस्तवर खेळत्यात व्हय?"

"का? काय झालं?"

"तिला म्या सांगितलंय म्हनू नगा. उजवा हात वर जात न्हाई तिचा. येणी मी घालून देते. भाकरी थापाया बसली की कळ येती, तर म्हनती, आई, आज तू थाप. आन् रविवार आला की हायेच पुन्यांदा चेंडू घिऊन."

आम्रपालीचा चहा तसाच राहिला. संघात दुसरी पिचर नव्हती, म्हणून प्रत्येक सामन्यात, पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत, प्रितमच फेकत आली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी थांबवलंही नव्हतं. या क्लबात राहिली तर ती थांबणारही नाही, हे आम्रपालीला त्या घरात बसल्या बसल्याच कळलं. सामना अडकला की सगळ्या जणी प्रितमकडे बघणार, आणि प्रितम उठणार.

राजगुरुनगरच्या संघाचा प्रशिक्षक रणजीत पाटोळे हा खेळाडूंच्या हातांची काळजी घेणारा माणूस म्हणून ओळखला जाई. त्याच्याकडे तीन पिचर होत्या. आम्रपाली त्याला भेटली आणि आधी हाताचंच बोलली. "दुखावलेली मुलगी देतेय, भाऊ. ठणठणीत सांगून गळ्यात मारत नाही. तिला निदान अर्धी लीग बसवून ठेवावं लागेल."

रणजीतने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "असं सांगून कुणी अदलाबदल करत नाही, मॅडम. हात बरा करायचं माझ्याकडं लागलं. तुम्हाला काय हवं?"

तिला दोन नवख्या मुली हव्या होत्या. ओवी नावाची एकोणीस वर्षांची कॅचर होती. तिचे वडील खेडच्या पंचायत समितीत कारकून. दुसरी दीक्षा, डाव्या हाताने चेंडू फेकणारी, अजून बेभरवशाची पण जोरकस. दोघींची नावं राजगुरुनगरबाहेर कुणी ऐकली नव्हती.

प्रितमने सही केली, पण आम्रपालीकडे न बघता. "ताई, मला विकलं तुमी," ती म्हणाली. "आन् माझा हात गेलाय, असं मैदानावर कुनाला सांगू नगा. येवढं तरी करा."

आम्रपालीने तेवढं केलं. त्यामुळे मुली चिडल्या तेव्हा तिला एक शब्दही बोलता आला नाही. रुपया देऊन सुट्टे आणले, असं कुणीतरी मागून म्हणालं, तेही तिने ऐकून घेतलं.

इथवर तिचा निर्णय बरोबर होता. पुढच्या बाबतीत मात्र ती चुकली.

ओवीला खेळवायचं तर अरुंधतीला बसवावं लागणार होतं. अरुंधती निगडीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती संघाची कॅप्टन होती आणि आम्रपालीची शाळेपासूनची मैत्रीण. कॅचरला पूर्ण सामना उकिडवं बसावं लागतं, आणि अरुंधतीचे गुडघे आता प्रत्येक वेळी उठताना आवाज करायचे. हे तिला समोर बसवून, हातात हात घेऊन सांगायला हवं होतं. आम्रपालीने दोन-तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. शेवटी नव्या संघाची नावं तिने सरळ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकली. कॅचर म्हणून त्यात ओवीचं नाव होतं. अरुंधतीचं नाव कुठेच नव्हतं.

संध्याकाळी अरुंधतीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "मी तुझ्या कंपनीतला रिजेक्ट माल नाही, आम्रपाली. मला सांगितलं असतंस तर मी स्वतः बाजूला झाले असते." तिने फोन ठेवला आणि ती मैदानावर यायची थांबली.

लीग सुरू झाली आणि संघ हरू लागला. अटीतटीने नव्हे, सपाटून. ओवीचे हात चपळ होते, पण समोर कोणती मुलगी बॅट घेऊन उभी आहे, तिला चेंडू कुठे नको असतो, हे तिला कळत नव्हतं. दीक्षाचे चेंडू वाऱ्यावर सोडल्यासारखे कुठेही जायचे. त्यात हात जरा बसतोय असं वाटेपर्यंत तिला एका गाड्यांच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली. ती पेढे घेऊन आली आणि रडलीसुद्धा. "ताई, रविवारची सुट्टी नाहीये तिथे." आम्रपालीने तिची पाठ थोपटली, पेढा खाल्ला, आणि दीक्षा बसस्टॉपकडे वळल्यावर मैदानाच्या कठड्यावर बसून राहिली. प्रितमच्या बदल्यात दोघी आल्या होत्या. आता एकच उरली होती, आणि तीही भांबावलेली.

दीक्षाच्या जागी तिने जुन्यांपैकीच तिघींना आळीपाळीने चेंडू फेकायला लावलं. तिघीही संथ फेकायच्या. पण एकटीवर भार नव्हता, आणि बरेच दिवसांनी त्या सरावाला वेळेवर येऊ लागल्या.

तशात एका रविवारी, सराव अर्ध्यावर आलेला असताना, अरुंधती आली. आम्रपालीशी काही न बोलता ती कॅचरच्या जागेमागे जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ ओवीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टाचांवर बसतेस म्हणून उठायला उशीर होतो तुला. चवड्यांवर ये. आणि बॅट बघू नकोस. तिचे पाय बघ. चेंडू कुठे मारायचाय ते पाय आधी सांगतात."

ओवीने चवड्यांवर भार घेतला. पुढचा चेंडू तिने झेलला आणि त्याच हालचालीत उठून दुसऱ्या बेसकडे फेकला. अरुंधतीने नुसती मान हलवली. "परत."

सराव संपल्यावर सगळ्या पांगल्या. आम्रपाली तिच्याजवळ गेली. "तुला समोर बसून सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मला धीर झाला नाही."

"हो, सांगायला हवं होतंस." अरुंधती गुडघ्यावर हात ठेवून हळूच कठड्यावर टेकली. "परवा भाजी मंडईत प्रितम भेटली. तिने सांगितलं सगळं. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर ती अशीच फेकत राहिली असती तर हात कायमचा गेला असता. आम्ही सगळ्या तुला शिव्या देत होतो आणि तू तोंड मिटून ऐकत होतीस."

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"कळलं ते. म्हणून तर आले." तिने गुडघा चोळला. "राग आहे अजून, तो जाईल हळूहळू. पण ती पोर चांगली आहे गं. तिला असं वाऱ्यावर सोडवत नाही मला."

आम्रपालीला पुष्कळ काही बोलायचं होतं. तिच्या तोंडून फक्त "चहा घेऊ या?" एवढंच निघालं. दोघी टपरीवर गेल्या, आणि तिथे कितीतरी दिवसांनी नेहमीसारखी भांडणं झाली, की कुणाला आधी बॅटिंगला पाठवायचं.

त्यानंतर संघ जिंकू लागला असं नाही. एक सामना जिंकला, एक बरोबरीपर्यंत नेऊन हरला. पण समोरचे संघ आता घाम गाळून जिंकत होते.

शेवटचा सामना राजगुरुनगरशी होता. रणजीतने दिला शब्द पाळला होता. प्रितमला त्याने अर्धी लीग बाकावर बसवलं होतं, आणि आता सामन्याचे शेवटचे दोन डावच तिला देत होता. त्या दिवशी तिची आई पहिल्यांदाच सामना बघायला आली. इकडेतिकडे बघत ती थेट आम्रपालीच्या शेजारी येऊन बसली. आपण समोरच्या संघाच्या माणसांत बसलोय हे तिच्या गावीही नव्हतं, आणि आम्रपालीनेही सांगितलं नाही.

प्रितम फेकायला आली. पहिल्याच चेंडूचा तो जुना ठप्प आवाज मैदानभर घुमला. अरुंधतीने आम्रपालीकडे पाहिलं. बॅट घेऊन ओवी उभी होती. तिने एक चेंडू हुकवला, दुसऱ्याला जेमतेम कड लावली, तिसऱ्याला जीव खाऊन बॅट फिरवली आणि आऊट झाली. परत येताना ती प्रितमकडे बघून हसली, आणि प्रितमही हसली.

"हे काय झालं म्हनायचं?" चतुराबाईने विचारलं. "आमची जितली का हरली?"

"ती जिंकली, मावशी. आम्ही हरलो."

"मंग तुमी का हसताय?"

आम्रपालीने मैदानाकडे बोट दाखवलं. समोर प्रितम उजवा हात पार खांद्याच्या वर नेऊन, गोल फिरवून, पुढचा चेंडू टाकायच्या तयारीत होती. "हात बघा तिचा," ती एवढंच म्हणाली.

चतुराबाईने पदराने डोळे पुसले. "मी बघतीया कवापास्नं," ती म्हणाली. मग आम्रपालीचा हात आपल्या खरबरीत हातात घेऊन सामना संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

सामन्यानंतर प्रितम आली. "ताई, तवा मी लई वाकडं बोलले."

"बोलायलाच हवं होतंस तू. हात तुझा होता."

"तुमची ओवी भारी हाय. जिल्ह्याच्या निवडीत मला तीच कॅचर पायजे, असं मी रणजीतसरांना सांगितलंय."

आणि तसंच झालं. जिल्ह्याच्या संघात इंद्रायणी क्लबची ओवी आणि राजगुरुनगरची प्रितम अशी जोडी निवडली गेली. इंद्रायणी क्लब मात्र लीगमध्ये शेवटून दुसरा आला.

लीग संपल्यावर आम्रपाली अनंत सरांच्या घरी गेली. सरांनी विचारण्याआधी तीच बोलू लागली. प्रितम गेली, ते योग्य झालं. दीक्षाला घेताना तिच्या नोकरीचा विचार करायला हवा होता, तो केला नाही. ओवी लाभली. अरुंधतीला बसवणं बरोबर होतं, बसवण्याची रीत चूक होती. आणि तळापासून एक पायरी वर आलो, त्याला यश म्हणायचं का, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सर डोळे मिटून ऐकत होते. "मी इतकी वर्षं कुणाला दुखवलं नाही," ते म्हणाले. "म्हणून त्या पोरीचा हात दुखत राहिला, आणि मला दिसलासुद्धा नाही. तुला दिसला. माझ्यावर उपकार झाले तुझे."

"असं नका म्हणू, सर. तुम्ही चाळीत आला नसतात तर मी आज कुठे असते?"

सरांच्या बायकोने आतून कांदेपोहे आणले, आणि बोलणं तिथेच थांबलं. खाता खाता सर म्हणाले, "पुण्याच्या एका मोठ्या क्लबाचा फोन होता. ओवी मागताहेत. बदल्यात चार मुली देतो म्हणतात. चार, आम्रपाली."

चार मुली म्हणजे अर्धा संघ. आम्रपालीच्या डोक्यात क्षणात नवी मांडणी झाली, कोण कुठे उभी राहील इथपर्यंत. मग तिने बशी खाली ठेवली. "आधी तिला विचारते. समोर बसून."

रविवारी सरावाच्या आधी तिने ओवीला कठड्यावर बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं: तो क्लब मोठा आहे, तिथे नाव होईल, आणि तिने हो म्हटलं तर इथे कुणी रागावणार नाही.

ओवी बुटाची नाडी बांधत विचार करत राहिली. "एक वर्ष थांबू का मी? बॅटिंगवाल्यांचे पाय वाचणं अरुंधतीताई आत्ता कुठे शिकवतायत. ते अर्धवट सोडून कुठे जाऊ?"

"थांब की," आम्रपाली म्हणाली. ती लगेच उठली आणि तिने बाकीच्यांना हाक मारली. पलीकडे अरुंधती नव्याने आलेल्या दोन मुलींना चवड्यांवर कसं बसायचं ते दाखवत होती. स्वतःला बसता येत नव्हतं, म्हणून नुसती हाताने खुणा करत होती.