चौदा नंबरचा जोड

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी काही गुणी हातोडा नाही. माझं आयुष्य दुसऱ्याचं काम मोडण्यात गेलं आणि त्यात मला मजा यायची. आता दांडा तुटून भंगाराच्या पेटीत पडलोय, म्हणून लगेच साधू झालो असं समजू नका.

कुर्ल्याच्या एका भट्टीत मी घडलो. वजन दोन किलो, दांडा बाभळीचा. तिथून मुलुंडच्या एका धंदेशिक्षण संस्थेत आलो, वेल्डिंगच्या वर्गात. तिथे गुणाजी सर शिकवायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः चोवीस वर्षं याच वर्गात. आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. त्यांनी मला पहिल्या दिवशी उचललं आणि पोरांना म्हणाले, "हो बघा. तुमचो खरो मास्तर हो."

सरांच्या वर्गाची एक रीत होती. लोखंडाची एक पट्टी आडवी ठेवायची, दुसरी तिच्यावर उभी करायची आणि कोपऱ्यात वेल्डिंग करून दोघींना जोडायचं. दर शनिवारी तो जोड टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळायचा आणि ज्याचा त्याने माझ्याने तोडायचा. बाकीचे गोल उभे राहून घाव मोजायचे. पाच घाव सोसले की पास. पहिल्याच घावाला तुटला, तर तुटलेले दोन्ही तुकडे तारेत ओवून त्या पोराच्या गळ्यात घालायचे आणि संध्याकाळपर्यंत तो हार काढायचा नाही. कॅन्टीनमध्येसुद्धा तसंच जायचं. मोठाले बाप्ये पोरगे तो हार घालून वडापाव खाताना रडलेले मी बघितलेत. वेल्डिंग तुटलं की माणूस मरतो, लाजेने कोणी मरत नाही, असं सर म्हणायचे. मला ते पटायचं. हार जितके जास्त, तितकी माझी शान.

त्या वर्षी वर्गात कल्पिता आली. वीस पोरांत एकटी पोरगी. भांडुपच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातली. वडील हरेश्वर होडी चालवायचे, आई कमळ बाजारात मासळी विकायची. बापाने तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षाअखेर जहाजं दुरुस्त करणारी एक कंपनी यायची आणि वर्गातून एकाच शिकाऊ उमेदवाराला घेऊन जायची. ती जागा मिळाली तर बरं, नाही तर आईशेजारी टोपली घेऊन बसायचं आणि पुढच्या मे महिन्यात लग्न. हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. पोरांनी मग त्याचीच चेष्टा चालवली. "ए टोपली, रॉड दे ना," असं म्हणायचे.

त्यात ती डावखुरी. उजव्या हाताचा वेल्डर डावीकडून उजवीकडे सरकतो, ही उजवीकडून डावीकडे. वेल्डिंग चांगलं झालं की त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या लहरी उठतात. सगळ्यांचे खवले एका बाजूला झुकायचे, हिचे दुसऱ्या. सरांना ते खपेना. त्यांनी तिचा डावा हात एप्रनच्या पट्ट्याने कमरेला बांधला आणि आठ दिवस उजव्या हाताने काम करायला लावलं. ठिणग्यांनी मनगट भाजलं, तरी पट्टा सोडला नाही. त्या दिवसांत सर शनिवारची वाट न बघता रोज तिला जोड तोडायला लावायचे, आणि तिचे सात जोड एका घावात तुटले. सात वेळा हार. मी मोजत होतो आणि खूश होतो, खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी सर कंटाळले. "मर, कर तुका होया त्या हाताने," म्हणाले आणि पट्टा सोडला.

त्यानंतर काय झालं कोण जाणे. दोन महिन्यांत तिचा जोड तीन घाव सोसायला लागला. मग पाच. मग एका शनिवारी तिने मला नऊ वेळा उगारलं आणि जोड हललासुद्धा नाही. माझ्याच तोंडाचा एक टवका उडाला. पोरं मोजायची थांबली. सरांनी तो जोड उजेडात नेऊन बघितला, त्या उलट्या खवल्यांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या जोडावरून असा अंगठा फिरवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मला तिचा राग आला, आणि थोडा धाकही वाटला.

वर्गाचा मॉनिटर होता नितेश. दिसायला झकास, बोलायला गोड, हाताने कच्चा. त्यालाही तीच जागा हवी होती. त्याचा एक चोरटा धंदा फक्त मला ठाऊक होता. जोडाच्या कोपऱ्यात तो वेल्डिंगच्या रॉडचे दोन तुकडे दडपायचा आणि वरून जाड थर चढवायचा. वरून जोड गुबगुबीत, आत सगळं पोकळ. शनिवारी तो तुटायचाच, पण नितेश घाईघाईने तुकडे उचलायचा, आतले रॉड खिशात सारायचा आणि कोणी नीट बघायच्या आत हार गळ्यात घालून हसत फिरायचा.

कंपनीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले जोड बनवले. ते गार झाले की पट्टीच्या टोकाला आकड्यांचे छाप धरून प्रत्येकाचा नंबर ठोकायचा आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचे. नंबर ठोकायचं काम मॉनिटरचं. एवढ्या कामाला छोटी हातोडी पुरते, पण ती कुणीतरी कधीच लांबवली होती, म्हणून नितेशने मला घेतलं. दुपारच्या सुट्टीत वर्गात तो आणि मी. कल्पिताचा नंबर चौदा, त्याचा नऊ. त्याने तिच्या जोडावर नऊ ठोकला आणि स्वतःच्या पोकळ जोडावर चौदा. मी कुणाच्या हातात आहे हे मला कळतं, मित्रांनो. मी लोखंड आहे, पण आंधळा नाही. तरी त्याने मारलं तिथे मी बसलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले. देवव्रत नावाचे, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेले. गुणाजी सरांनी कपाट उघडलं. नितेशने नऊ नंबरवर सात घाव घातले, जोड जसाच्या तसा. साहेबांनी मान डोलावली. मग चौदा नंबर पकडीत आवळला आणि कल्पिताने मला उचललं. उगारण्याआधीच ती थांबली.

"सर, हा माझा नाही," ती म्हणाली.

"नंबर काय आहे?" सर.

"चौदा. पण खवले बघा ना सर. हे उजव्या हाताचे आहेत. तुम्ही आठ दिवस माझा हात बांधून ठेवलेला, तुम्हाला माहीत आहे मी कुठून सुरू करते. माझा तो आहे, नऊवाला."

सरांनी खाली वाकून जोड बघितला. खूप वेळ बघितला. त्यांना निवृत्तीला दोन महिने उरले होते. वर्गात नंबरांची लबाडी झाली असं साहेबांसमोर निघालं असतं, तर कंपनी परत आली नसती आणि चौकशी बसली असती. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथे नंबर चालतो, तोंड नाही. मार."

तिने मारलं. दुसऱ्या घावाला जोड फुटला आणि आतून रॉडचे दोन तुकडे टणकन फरशीवर पडले. पोरं हसली. "टोपलीने वाट लावली रे," असं कोणीतरी म्हणालं. साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं. पहिला घाव सोसला होता, रीतीप्रमाणे हार लागत नव्हता, पण नितेशने जोडाचे तुकडे तारेत ओवले आणि तिच्या गळ्यात घातले. सरांनी त्याला अडवलं नाही. तिने हार काढला नाही, रडलीही नाही. नुसती सरांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ते काहीतरी बोलतील म्हणून थांबली होती बिचारी.

नितेशला जागा मिळाली. तिचा जोड नऊ नंबर म्हणून भिंतीवर खिळ्याला टांगला गेला आणि खाली लाल रंगात नितेशचं नाव लिहिलं.

गेल्या आठवड्यात सरांचा निरोप समारंभ होता. बाहेर मांडव, माईक, खुर्च्या. सर शेवटचं वर्गात आले, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. तेवढ्यात कल्पिता दाखला न्यायला आली. अंगाला मासळीचा वास होता आणि हातात पिशवी.

"काय गो, बरा मा?" सरांनी विचारलं.

तिने भिंतीवरचा जोड काढला, पकडीत आवळला आणि मला डाव्या हातात घेतलं. मग ती मारत सुटली. सात, आठ, अकरा, पंधरा. जोड हलेना. मी जीव खाऊन आपटत होतो. त्या दिवशी मला तो तुटू नये असं पहिल्यांदा वाटलं. सतराव्या घावाला माझा दांडाच मोडला आणि मी फरशीवर गडगडत गेलो.

"पुरे गो," सर हळूच म्हणाले. "तुझोच तो. माका तेव्हाच कळलेला."

"मग बाहेर माईक आहे, सर," ती म्हणाली. "आता सांगा."

तिने पिशवीतून तारेत ओवलेले ते दोन तुकडे काढले. दोन महिने जपून ठेवले होते. ते तिने सरांच्या टेबलावर ठेवले. "ह्याच्यावर चौदा आहे. पण हा हार माझा नाही. कुणाचा ते तुम्ही ठरवा." आपला जोड पिशवीत टाकून ती मांडवात गेली आणि सगळ्यात मागे उभी राहिली. उघड्या दारातून मला तिचे पाय दिसत होते.

सरांनी तो तारेचा हार थोडा वेळ हातात धरला. मग मला उचललं, दोघांनाही दाराशी असलेल्या भंगाराच्या पेटीत टाकलं, झेंडूचा हार सारखा केला आणि बाहेर गेले. माईकवरून त्यांचा आवाज स्पष्ट आला. "चोवीस वर्षांत या हातून एकही खोटा जोड पास झाला नाही." टाळ्या खूप वेळ वाजत होत्या. त्या थांबायच्या आधीच तिचे पाय निघून गेले.

तर मित्रांनो, असं आहे. अशा गोष्टीच्या शेवटी हत्यार म्हणतं, मला पुसा, तेल लावा, नवा दांडा बसवा. माझी तशी काही मागणी नाही. सोमवारी भंगारवाला येणार आहे, त्याच्या तराजूत मी निमूट बसेन. मी दोनदा चुकीच्या जागी बसलो आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं. कुणाचं काम कुणाच्या नावावर चढलंय हे तुम्हाला दिसलं, तर ती पोर तोंडाकडे बघत उभी आहे तेवढ्यातच बोला. नंतर बंद खोलीत तिच्या एकटीच्या कानात सांगाल, तर नाही सांगितलंत तरी चालेल.