दोन टप्पे

पाऊस सरला की क्लबाचं टेनिसचं कोर्ट सगुणाच्या हाती यायचं. खाली जांभ्या दगडाची चाळलेली भुकटी, वर शेणाचा पातळ हात. सारवता सारवता ती गुणगुणायची. त्या वर्षी ओवी आपसूक लेकीवर आली:

लाल मातीचं अंगण, सारविते हातोहात,
माझी चिमाबाय खेळे, चेंडू झेलिते वाऱ्यात.

येणार नाही तर काय? एक्याऐंशी साल, जगभर अपंगांचं म्हणून पाळलेलं वर्ष. क्लबाचे सेक्रेटरी राजाभाऊ यांनी ठरवलं, पोलिओ झालेल्या पोरांनाही टेनिस शिकवायचं. चार-पाच पोरं जमली, त्यांत सगुणाची चिमा. डाव्या बगलेत कुबडी, उजव्या हातात रॅकेट. राजाभाऊंनी पोरांसाठी एका टप्प्याचा नियम सैल केला. "चेंडूने दोन टप्पे घेतले तरी चालेल. घाई नाही." पहिल्या टप्प्याला चेंडू चिमाच्या पुढून पळायचा, दुसऱ्याला मात्र ती तिथे उभी असायची.

उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाला. चिमाचा चेंडू जाळीवरून गेला तेव्हा टाळ्या पडल्या. घरी येऊन ती म्हणाली, "आये, चेंडू माझ्यासाठी थांबतो गो."

डिसेंबरात मेंबर कुरकुरू लागले. कुबड्यांनी जमिनीला खळगे पडतात, चेंडू वाकडा उडतो. राजाभाऊ सगुणाला म्हणाले, "तूच सारवतेस, तुला काय सांगायचं? खळगे नसते तर मी कोणाचं ऐकलं नसतं."

सगुणाने ते शब्द पदराला बांधले. सायकलच्या दुकानातून फुटक्या ट्यूबचे तुकडे आणले, आत काथ्या भरला आणि प्रत्येक पोराच्या कुबडीच्या टोकाला गादी आवळून दिली.

शेजारची मैना हसली. "कुबडीला पण चप्पल? सासरी धाडतेस की काय?"

"धाडीन की," सगुणा म्हणाली.

चिमा सबंध कोर्टभर फिरून आली. खळगा एक नाही. राजाभाऊ वाकून जमीन बघत राहिले, बराच वेळ. मग चष्मा पुसत म्हणाले, "छान केलंस हो. पण सगुणा, जानेवारी लागला. ते वर्ष संपलं ना."

"पाय तसाच हाय, भाऊ."

"मला कळतं गो. पण मेंबरांना रोज संध्याकाळी कोर्ट लागतं. पोरांनी पलीकडे सड्यावर खेळावं. रॅकेटी राहू देत त्यांच्याकडे."

सडा म्हणजे उघडा काळा कातळ. तिथे चेंडू पहिल्या टप्प्यालाच करवंदीच्या जाळीत जायचा. दुसरा टप्पा कोणाला दिसलाच नाही. आठवडाभरात बाकीची पोरं यायची थांबली.

शनिवारी सगुणा पुन्हा सारवायला बसली. ओवीची पहिली ओळ ओठांवर आली, पुढची येईना. चिमा कोर्टाच्या कडेच्या दगडी चिऱ्यावर उभी होती.

"पुढचं म्हण ना, आये."

"इसरले."

चिमाने वाकून कुबडीचं रबर सोडलं. उघडं टोक ओल्या सारवणावर उचलून धरलं. सगुणाने पाहिलं, पण अडवलं नाही. चिमाची नजर आईच्या हातांवर गेली, कोपरापर्यंत शेणाने भरलेल्या. खळगा बुजवायला कोण बसणार, ते तिला ठाऊक होतं. तिने कुबडी मागे घेतली आणि चिऱ्यावर टेकली.

रोवली असती तर बरं झालं असतं, असं सगुणाला वाटलं. मग तिने बादलीत हात घातला.