चार बोटं अस्तर

ती गेली त्या दिवशी मास्तर बाजाराच्या दारासमोर बाकावर सात पिशव्या राखत बसले होते.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं एकाच दुकानात कापायचं काम त्यांनी केलं आणि तुरपाई, काजं, बटणं बायकोने केली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने दोघांना सहलीला पाठवलं. मोठं शहर, परकी भाषा, आठ दिवस. बरोबर बावीस माणसं, आणि पुढे पिवळा झेंडा उंच धरून चालणारा एक तरुण. त्याचं काम वाट दाखवायचं. बायकोने पहिल्याच दिवशी त्याचं नाव झेंडेवाला ठेवलं, आणि सगळी बस तेच म्हणू लागली.

मास्तरांना पूल, मनोरे बघायचे होते. बायकोला तेही बघायचं होतं, पण पाच मिनिटं. मग तिचे पाय दुकानांकडे वळत. पत्र्याचे छोटे मनोरे, पुलाचं चित्र असलेले रुमाल, फ्रीजला चिकटवायच्या चकत्या, किल्ल्यांच्या साखळ्या. भाषा येत नव्हती, पण तिचं अडलं नाही. दुकानदार यंत्रावर आकडा दाखवायचा, ही मान हलवायची, तो दुसरा दाखवायचा, ही चार पावलं चालून जायची. मास्तर मात्र रुमाल चिमटीत धरून म्हणायचे, "सुती नाही हे. धुतला की पूल वाहून जाणार."

"अहो, पूल वाहून जाऊ दे. आठवण राहील ना," ती म्हणायची.

खरेदी झाली की तिथल्या तिथे ती प्रत्येक वस्तूला रंगीत दोऱ्याची गाठ मारायची. दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांना मारायची तशीच. ज्याचं दुकानात शेवटचं शिवलेलं कापड ज्या रंगाचं, त्याला तो दोरा. यादी लिहायची तिला कधी गरज पडली नाही.

पर्समध्ये तिची सुईची डबी असायचीच. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका बाईचं बटण तिने लावून दिलं, तिसऱ्या दिवशी एका आजोबांच्या उसवलेल्या खिशाला शिवण घातली. मास्तर वैतागले. "सहलीला आलीस की दुकान मांडायला? जगाचं फुकट शिवत बस तू." ती हसली. त्यानंतर असलं काही ती त्यांना सांगेनाशी झाली.

त्या दिवशी खरेदी संपली होती. झेंडेवाल्याने अर्धा तास मोकळा दिला होता. मास्तरांच्या टाचा ठणकत होत्या. ती बाकापर्यंत आली, सातवी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मी आलेच, पाच मिनिटांत."

"आता कोणाचं राहिलं? माझ्या ताईचं? साखळी हवीय ना तिला. जा, एका साखळीपायी जीव दे जाऊन."

ती हसत हसत गेली. हिरव्या शालीचं टोक दारात अडकलं, तिने ते ओढून घेतलं. मास्तरांनी पाहिलेलं शेवटचं ते.

पंचवीस मिनिटांनी झेंडेवाला पळत आला. मास्तरांच्या लक्षात आधी आलं ते एवढंच, की याचा झेंडा कुठे गेला. तो हातात नव्हता, काखेत उलटा दाबलेला होता.

"काका, चला. काकू पडल्या. दुकानात."

"लागलं का?"

"काका, तुम्ही आधी चला."

"पिशव्या आहेत," मास्तर म्हणाले. "सात आहेत. सोडून कसा येऊ?"

झेंडेवाल्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांचा दंड धरला. मास्तर उठले, पण सातही पिशव्या घेऊन. दुकानाच्या दारात लोक उभे होते. आत खालच्या फरशीवर हिरवी शाल दिसली, आणि दवाखान्याची दोन माणसं गुडघ्यांवर बसलेली. त्यातला एक उठला आणि त्याने घड्याळात पाहिलं. त्याची भाषा कळायची गरज पडली नाही. तरीही मास्तरांनी एकेक पिशवी फरशीवर ठेवली आणि मोजली. सात भरल्या. मग ते तिच्याशेजारी फरशीवर बसले.

परतीचा प्रवास कसा झाला हे त्यांना आजही सांगता येत नाही. लक्षात आहे ते घर, भरलेली माणसं, आणि दारातून आत येणारी त्यांची थोरली बहीण. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहते. निघायच्या आदल्या दिवशी तीच म्हणाली होती, "मला नावापुरती एक साखळी आण गं किल्ल्यांना." ती रडत पुढे आली, तर मास्तर सगळ्यांदेखत बोलले, "तुझ्या साखळीपायी गेली ती."

ताई उंबऱ्यातूनच मागे फिरली. नंतर आली नाही.

स्वतः काय बोललो होतो, हे मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. खरेदीची सुटकेस कापायच्या टेबलाखाली सरकवली. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आईने माणसांसाठी आणलंय, वाटून टाका ना." मास्तर म्हणायचे, "बघू." चार महिने सुटकेसला पाय लागत राहिला, तरी त्यांनी ती उघडली नाही.

एका दुपारी दुकानापुढे झेंडेवाला उभा. झेंडा नव्हता, हातात कागदात बांधलेला मोठा गठ्ठा होता.

"काका, परवाच परतलो. त्याच बाजारात गेलो होतो. काकू पडल्या त्या दुकानातल्या बाईंनी हे तुमच्यासाठी दिलंय."

"आणखी खरेदी?"

"उघडून तर बघा."

आत कोट निघाला. बायकांचा, जाड, गडद निळा, कोपरांवर झिजलेला. मास्तरांनी सवयीने आधी कापड चिमटीत धरलं. लोकरीचं, चांगलं. मग बाही उलटी केली आणि त्यांचा हात थांबला.

बाहीचं अस्तर मनगटापाशी उसवलेलं होतं. पाऊण घेर कोणीतरी शिवत आणला होता. बारीक तुरपाई, टाके डावीकडे कललेले. सुरुवातीला गाठ नाही, जागच्या जागी दोन टाके. त्यांच्या ओळखीत डावखुरी तुरपाई एकच बाई करायची. शेवटच्या टाक्यानंतर सुई अजून अस्तरातच होती, आणि वीतभर मरून रंगाचा दोरा लोंबत होता.

"हे कुठून आलं?" त्यांचा आवाज दुकानाबाहेर गेला. "हे तिचं आहे. कुठून आणलंस तू हे?"

"काका, बसा. सांगतो." झेंडेवाल्याने स्टूल ओढलं. "सकाळी काकू त्या दुकानात रुमाल घेत होत्या तेव्हा त्या बाई सारखा कोट घालत-काढत होत्या. प्रत्येक वेळी हात फाटक्या अस्तरात अडकायचा. काकूंनी ते पाहिलं. दुपारी परत आल्या त्या काही घ्यायला नाही. खुणेने कोट मागितला, स्टुलावर बसल्या, शिवायला लागल्या. बाई म्हणतात, हसत होत्या. मग मान खाली गेली. त्यांना वाटलं, टाका बघतायत."

"साखळी घ्यायला गेली नव्हती?"

"नाही हो. बाईंनी तो कोट पुन्हा घातलाच नाही. सुई काढायचा त्यांना धीर होईना. म्हणाल्या, तिच्या नवऱ्याला द्या, त्यालाच काय ते करू दे. वीस तारखेला मी परत जातोय. द्यायचा असेल तर नेईन."

तो गेल्यावर मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि सुटकेस बाहेर काढली. रुमाल, मनोरे, चकत्या, सगळ्यांना दोरे. जांभळ्या गाठीची साखळी अगदी तळाशी होती, पहिल्या दिवशीच्या खरेदीत. जांभळं म्हणजे ताईचं शेवटचं ब्लाउज. साखळी पहिल्याच दिवशी घेऊन झाली होती.

ते तसेच चपला घालून निघाले. ताईने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"काय रे? आणखी काही घालायचंय माझ्या माथी?"

मास्तरांनी साखळी पुढे केली. कोटाचं सांगितलं, सुईचं सांगितलं. आणि मग चार महिने मनात ठेवलेलं सांगितलं. "ताई, मी तिला म्हणालो, जीव दे जाऊन. शेवटचं तेच बोललो."

ताईने साखळी हातात घेतली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "चाळीस वर्षं म्हणत आलास ते. ती तुझं एवढं ऐकणारी असती, तर पहिल्याच वर्षी गेली असती."

मास्तरांना हसू फुटलं, आणि त्यातूनच रडू. ताईने त्यांना आत घेतलं. रडून झाल्यावर तिने आपल्या किल्ल्या त्या साखळीत अडकवल्या. दोरा सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात ताईनेच घरोघरी फिरून सगळं वाटलं. कोणाचा कोणता दोरा हे मास्तर टेबलापाशी बसून सांगत गेले. एकदाही चुकले नाहीत. सुटकेस रिकामी झाली.

"आता कोट तेवढा पुरा कर," ताई म्हणाली. "दहा मिनिटांचं काम तुझं. त्या बाईला थंडी वाजत असेल."

"माझे टाके उजवीकडे कलतात."

"अस्तर आहे रे ते. आतून कोण बघतंय?"

मास्तरांनी कोट मांडीवर घेतला, चष्मा लावला, सुई चिमटीत धरली. मग सोडून दिली.

आज अठरा तारीख आहे. कोट टेबलावर आहे, सुई तिने ठेवली तिथेच आहे. चार बोटं अस्तर शिवायचं राहिलं आहे.