पाचावरची रेघ

आपल्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासल्याशिवाय कुणालाही नंबर सांगत नसे. "जुन्यावरूनच काचा बदलून द्या," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती खुर्चीत बसवायची आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावायची. पण घरी तिच्याकडे खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती आणि त्या टाकीत बारा वर्षं वाढवलेली प्रवाळं होती. प्रवाळं पाळणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये कुणी फोटो टाकला, की दोन मिनिटांत तिचं उत्तर हजर असायचं. प्रकाश कमी करा, जागा बदला, मीठ मोजा. तिचा नवरा म्हणायचा, दुकानात गिऱ्हाईक ताटकळतंय आणि ग्रुपवर मासा शिंकला तरी तू धावतेस. ती हसून सोडून द्यायची. ग्रुपमध्ये सगळे तिला ताई म्हणत. ताईंची टाकी इतकी भरलेली, इतकी डुलणारी होती, की ताईंचं काही चुकत असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. तिच्याही नाही.

एका मंगळवारी एका बसड्रायव्हरने ग्रुपवर फोटो टाकला. तो या छंदात नवा होता, त्याच्या छोट्या टाकीत चारच प्रवाळं होती. त्यांतल्या एकाच्या कडेला वाटाण्याएवढा गोळा आला होता. हे नवीन पिल्लू आहे की रोग, एवढंच त्याने विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, मोठी बहीण विचारते आहे.

ताईंचं लक्ष गोळ्याकडे गेलंच नाही. फोटोच्या कोपऱ्यात पाण्यावर तरंगणारा काचेचा काटा दिसत होता, मीठ मोजायचा जुना प्रकार. त्यांनी लिहिलं, हा काटा आधी फेकून द्या आणि टाकीतलं पाणी घेऊन दुकानात या.

दुसऱ्या दिवशी तो गणवेशातच आला. हातात बरणीभर पाणी होतं. ताईंनी खणातून आपली नळी काढली. घरची टाकीही त्या याच नळीने मोजत. छोट्या दुर्बिणीसारखी ती नळी. टोकावरच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा रंग संपून पांढरा सुरू होतो त्या रेघेवर जो आकडा, तेवढं मीठ. पस्तीस हवं. आलं चाळीस.

मासे पोहतायत की वाळत घातलेत, असं त्यांनी विचारलं. तो ओशाळून हसला. आपला काटा पस्तीस दाखवतो, असं तो पुटपुटला, पण ताईंनी ते मनावर घेतलं नाही. थोडं पाणी काढा, त्या जागी गोडं पाणी घाला, शुक्रवारपर्यंत खाली आणा. तो वेळापत्रकाने चालणारा माणूस होता. शुक्रवारी पुन्हा बरणी घेऊन आला, नळीत बरोबर पस्तीस दिसले. ताईंनी शाबासकी दिली.

रविवारी त्याचा निरोप आला, ग्रुपवर नाही, फक्त ताईंना. चारही प्रवाळं मिटून बसली होती आणि एकाचं मांस सुटायला लागलं होतं. त्याने लिहिलं होतं, "ताई, माझं काही चुकलं का?"

दोन दिवस थांबा, होईल ठीक, असं त्यांनी सवयीने टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. खरं तर तोवर त्यांना अपराधी वगैरे वाटत नव्हतं. त्यांना नवल वाटत होतं. पस्तिसाला मिटायचं कारण काय? आपल्या टाकीत पस्तिसालाच तर सगळी मजेत आहेत. हे उत्तर फोटोवरून मिळण्यातलं नव्हतं. बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. बारा वर्षांत शेकडो जणांना सल्ले दिले होते, पण कुणाची टाकी बघायला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

ड्रायव्हरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. टाकी खिडकीपासून लांब, भिंतीला लागून, आणि तिच्यासमोर खुर्चीत त्याची मोठी बहीण बसलेली. तो तिला अक्का म्हणायचा. अक्का पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून दिवसभर याच खुर्चीत असायच्या. मांडीवर वही होती. कुठलं प्रवाळ किती वाजता उमललं, किती वाजता मिटलं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं.

"बुधवारपर्यंत नऊ-सव्वानऊला सगळी उघडायची," अक्का म्हणाल्या. "गुरुवारी साडेअकरा. शनिवारपासून नाहीच."

ताईंनी वही मागून घेतली आणि उभ्याउभ्याच चार पानं वाचली. त्यांनाही हे कधी सुचलं नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून नळी काढून पाणी मोजलं. पस्तीस. अक्कांनी भावाला स्वयंपाकघरात पाठवलं आणि चमच्यांच्या खणातून तो काचेचा काटा आणवला. तुम्ही फेकायला सांगितला होता, पण मला जिवावर आलं, असं त्या सरळ म्हणाल्या. काटा पाण्यात सोडला. तो तिसावर थांबला.

तिघंही वाकून बघत राहिले. दोघांतलं एक खोटं बोलत होतं.

शुद्ध पाण्यात नळीची रेघ शून्यावर यायला हवी, हे ताईंना माहीत होतं. शेवटचं कधी तपासलं ते मात्र आठवेना. बॅटरीत घालायचं पाणी चालेल का, असं ड्रायव्हरने विचारलं. डेपोतून आणलेली एक बाटली घरात होती. ताईंनी एक थेंब टाकला, खिडकीकडे तोंड केलं आणि पाहिलं. काच पुसली, पुन्हा थेंब टाकला, पुन्हा पाहिलं. मग नळी अक्कांच्या हातात दिली.

"पाचावर आहे," अक्का म्हणाल्या.

"नळी पाच जास्त दाखवतेय. तुमचा काटा बरोबर होता," ताई म्हणाल्या. "तुमचं पाणीही बरोबर होतं. चूक माझी."

ड्रायव्हर लगेच म्हणाला की असू द्या, होतं असं. अक्कांनी मात्र ते तसं सोडलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. मग तुमची टाकी इतकी वर्षं कशी जगली?

ताई बोलता बोलताच हिशेब जुळवत गेल्या. नळी एकदम बिघडली नसणार, दर वर्षी थोडी थोडी सरकली असेल. पाणी हळूहळू पातळ होत गेलं आणि त्यांची प्रवाळं त्याला सरावली. यांच्या प्रवाळांना मात्र तेच अंतर दोन दिवसांत कापायला लावलं.

"आणि एक सांगू?" अक्का म्हणाल्या. "आम्ही मिठाचं विचारलंच नव्हतं. तो गोळा काय आहे, हे विचारलं होतं."

ताईंनी दुकानातलं भिंग काढलं आणि काचेला नाक लावून बसल्या. मिटलेल्या मांसाच्या घडीत, गोळ्याच्या मधोमध, सुईने ओढावी तशी फट होती. तोंड होतं ते. नवीन पिल्लू. अक्कांनी भिंग घेतलं ते बराच वेळ परत दिलं नाही.

आता मीठ परत वर न्यायचं होतं. रोज दोन, असं ताई बोलायला गेल्या आणि थांबल्या. नक्की माहीत नाही, म्हणाल्या. त्यांनी ग्रुपमधल्या मास्तरांना फोन लावला. हे मास्तर शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, ग्रुपवर महिन्यातून एकदा बोलणारे. त्यांनी उत्तराआधी आठ प्रश्न विचारले. सात प्रश्नांची उत्तरं अक्कांनी वहीतून दिली. मग मास्तर म्हणाले, दिवसाला एकाहून जास्त नको, आणि मिटलेलीच राहिली तर थांबून मला पुन्हा विचारा.

चारांतलं एक प्रवाळ गेलं. बाकीची तीन दहाव्या दिवशी उघडली. पिल्लू आलेलं त्यांतलंच एक होतं.

त्या दहा दिवसांत ताईंनी ग्रुपवर सगळं लिहिलं, नळीसकट. आपली टाकी आता तिसावरून वर न्यावी की आहे तशीच ठेवावी, हेही विचारलं. तासाभरात चाळीस उत्तरं आली. निम्मे म्हणाले लगेच न्या, निम्मे म्हणाले हात लावू नका, आणि टाकी किती लिटरची हे एकानेही विचारलं नाही. ताई ती उत्तरं वाचत राहिल्या. बऱ्याच उत्तरांची भाषा त्यांना आपलीच वाटली.

मग त्यांनी आठवून आठवून यादी केली. दुकानात पाणी मोजून नेलेले अकराजण निघाले. एकेकाला फोन केला. बहुतेकांनी कधी त्यांचं ऐकलंच नव्हतं, हे त्यांना नवीनच कळलं. ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतल्या दोघांची टाकी ठीक होती. नववा फोन केक करणाऱ्या एका बाईंना होता. दीड वर्षापूर्वी ताईंच्या सांगण्यावरून मीठ उतरवल्यावर त्यांची सगळी प्रवाळं आठवड्याभरात गेली होती. त्यांनी ग्रुप सोडला होता आणि टाकीत आता केकचे साचे ठेवत होत्या.

ताईंनी सांगितलं ते त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही. पुन्हा काही जिवंत आणायचं नाही असं ठरवलं होतं मी."

आपल्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा वाढवायला देते, असं ताई म्हणाल्या. बाईंनी नको म्हटलं आणि फोन ठेवला. उरलेले दोन फोन ताईंनी त्या दिवशी केले नाहीत.

तीन आठवड्यांनी बाई दुकानात आल्या, चष्म्यासाठी नाही. तुकडा नको, पण ती वही लिहिणारी बहीण कोण, हे विचारायला. ग्रुपमधल्या कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. रोज घड्याळ लावून बघत बसलं तर नेमकं काय दिसतं, हे त्यांना पाहायचं होतं. ताईंनी आधी अक्कांना फोन करून विचारलं, मग पत्ता लिहून दिला. टाकी परत भरणार का, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी विचारलं नाही. जिना उंच आहे आणि अक्का दुपारी दोन ते तीन झोपतात, एवढंच सांगितलं.