चिंध्या कोंबलेली कॅसेट

माझ्या हँडलची शप्पथ, माझ्या दोन्ही स्पीकरांची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, म्हणजे बाकीच्यांना ऐसपैस बसता येईल.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. आता बंद दुकानातल्या फळीवर, अस्तरांच्या गठ्ठ्यामागे धूळ खात पडलोय. पण माझा जमाना बघायला हवा होता तुम्ही! शिंप्यानं मला पहिल्या कमाईतून आणलं, तेव्हा तो विशीतला होता आणि ठेक्याच्या गाण्यांसाठी वेडा. माझा आवाज असा दणदणीत, की समोरच्या न्हाव्याचा हात हलला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली. बिचारं महिनाभर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. शिंप्याचा पाय मशीनवर माझ्या ठेक्यानं चालायचा. त्या नादात एकदा त्यानं तीन शर्टांच्या उजव्या बाह्या डावीकडे जोडल्या. त्याचे वडील ओरडायचे, "अरे, बंद कर ते डबडं! मशीन चालतंय की हेच खडखडतंय, काही समजत नाही."

मग लग्न झालं, मुलगी झाली, कानांवरचे केस पांढरे झाले आणि शिंप्याला संथ गाणी आवडायला लागली. बासरी, हळू आवाजात गाणारी बाई, असलं काहीतरी. शिवण कशी सरळ यायची! मलाही वाटलं, चला, शहाणा झाला एकदाचा.

मुलगी पंधराची झाली तेव्हा मैत्रिणीनं दिलेली एक कॅसेट घेऊन आली. ढोल काय, आरोळ्या काय! शाळेतून आली की दप्तर फेकायची, ती कॅसेट लावायची आणि बटणं लावता लावता मान हलवायची.

"याला गाणं म्हणायचं?" शिंपी म्हणायचा. "पत्र्यावर दगड पडतायत नुसते!"

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा."

"कळण्यासारखं आहे काय त्यात?"

कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे दोन तुकडे तिनं मोडून टाकले होते. ते मोडले, की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पण एका दुपारी, ती शाळेत असताना, शिंप्यानं त्या खाचांत चिंध्या कोंबल्या, शेजारी रेडिओ लावला आणि माझं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. चांगलं ऐकून पोरीचा कान सुधारेल, असं त्याला वाटलं. बटण त्यानं दाबलं खरं, पण पुसलं ते मी.

संध्याकाळी तिनं कॅसेट लावली आणि बासरी वाजली. तिनं कॅसेट बाहेर काढून उलटी केली. खाचांतल्या चिंध्या तिच्याच फ्रॉकच्या होत्या. ती रडली नाही, भांडली नाही. पण माझ्यावर तिनं पुन्हा गाणंच लावलं नाही. शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली. वर्षातून दोनदा यायची, चहा प्यायची, जायची.

शिंप्याची सत्तरी उलटली आणि कान दगा द्यायला लागले. आधी बासरी गेली, मग बाईचा आवाज. राहिला फक्त ढोल, तोही हाताला लागायचा म्हणून. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या शिंप्याकडे कोण कापड टाकणार? तो पुन्हा ठेक्याची गाणी लावायचा, आणि माझ्यावर तळहात ठेवून बसायचा.

"काका, वय काय, गाणी काय!" शेजारची इस्त्रीवाली मावशी हसायची. "कंबर हलते का अजून?" तिनंच मुलीला फोन केला, "वडिलांना आवर गं बाई, लोक हसतात."

त्याच दिवसांत शिंप्याला मुलीची ती कॅसेट सापडली. त्या दुपारी रेडिओवरचा कार्यक्रम टेप संपायच्या आधी संपला होता आणि त्यानं मला तिथंच थांबवलं होतं. त्यामुळे शेवटी मुलीचं गाणं अर्धं मिनिट शिल्लक होतं. रोज तो तेवढंच लावायचा. ती आली की तिला ऐकवायचं, एवढा एकच ध्यास.

ती आली. चाळिशीची, कपाळाला आठ्या. "बाबा, या वयात हे काय? पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय. काहीतरी शांत लावा ना."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "ऐक ना, तुझंच आहे. छान होतं गं. मला तेव्हा..." त्यानं बटण दाबलं आणि तळहात माझ्यावर ठेवला. तिनं तो तळहात पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. अर्धं मिनिट दोघांनी ते गाणं ऐकलं.

तेव्हा मित्रांनो, कुणाचं गाणं नाही आवडलं तर खुशाल नाक मुरडा. पण बंद करायच्या आधी, त्याला ते का आवडतं, एवढं विचारा.

असं रोखून बघू नका माझ्याकडे. बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. तिनं हात ठेवला नाही. तिनं मला बंद केलं, "गाडी चुकेल माझी, बाबा," म्हणाली आणि निघाली. ती गल्लीच्या टोकाला पोचली, तरी शिंप्याचा तळहात माझ्यावरच होता.