बाजेखालचे निखारे

बाळंतिणीच्या खोलीत ‘गरम’ हा शब्द काढायचा नाही, हे बुआलायच्या गावात लहान पोरांनाही ठाऊक. शब्द निघाला की आग रुसते, आणि रुसलेल्या आगीचं विष बाळंतिणीच्या अंगात उतरतं. म्हणून शेजारची खामसिंग मावशी खोलीत आली, गळ्याखालचा घाम फडक्यानं टिपला आणि म्हणाली, “काय छान गारवा आहे गं इथं.”

मोन बांबूच्या बाजेवर कुशीवर पडली होती. बाजेखाली चिंचेच्या लाकडाचे निखारे धगधगत होते, पायथ्याशी पाल्याच्या काढ्याचं मडकं वाफाळत होतं. बाळ पलीकडच्या खोलीत झोळीत झोपलं होतं.

“गाल बघ लेकीचे, कसे लाल झालेत,” मावशी बुआलायला म्हणाली. “नाहीतर आमची सून. आग पेटवायचाच कंटाळा बाईला. वाळल्या मुळ्यासारखी दिसायची.”

बुआलाय हसली. मोन हसली नाही. एरवी या मावशीला तिनं असा काही टोला दिला असता की मावशी पायऱ्या उतरेपर्यंत पुटपुटत राहिली असती.

“आई,” मोन म्हणाली, “थंडी वाजते गं.”

“वाजणारच. पोट अजून ओलं आहे तिचं,” मावशी जाता जाता म्हणाली. “लाकडं वाढव.”

बुआलायनं लाकडं वाढवली. सकाळपासून तिला खोलीत एक वास जाणवत होता. काढ्याचा नव्हे, धुराचाही नव्हे. फुलदाणीत राहून गेलेल्या फुलांच्या पाण्यासारखा. तिनं मूठभर गवती चहा निखाऱ्यांवर टाकला. वास बुडाला. तिनं मनातल्या मनात बुद्धाचं नाव घेतलं आणि तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

आरोग्य केंद्रातल्या सुईणबाईंनी, खामहुंगनं, बाळंतपण करून मोनला घरी सोडताना आगीला नाही म्हटलं नव्हतं. “आग ठेवा, काढा द्या, पोटाला पाल्याचा शेक द्या, मीही घेतलाय,” ती म्हणाली होती. “फक्त रोज एकदा तिला आगीवरून उतरवून ओसरीत निजवा. अंग निवू दे, मग कपाळाला हात लावा. बाजेवर हात लावून कळणार नाही, ती धग आगीची की तिची. आणि अंगावरून जातं त्याला वास आला, तर तशीच घेऊन या.”

बुआलायनं मान डोलावली होती, आणि एकदाही उतरवलं नव्हतं. तिची थोरली बहीण सेंगदाव कापणीच्या दिवसांत आगीवरून लवकर उतरली आणि महिना पुरा व्हायच्या आत वारली. म्हणून मोनला दिवस राहिले तेव्हाच बुआलायनं देवळात नवस बोलला होता: आग विधीनं विझेपर्यंत माझ्या लेकीचा पाय जमिनीला लागणार नाही. बाजेच्या पायाला तिनं पांढरा दोरा बांधला होता. रोज आंघोळ करून ती त्या दोऱ्याला हात जोडायची.

जावई थोंगदी जाळं वाळत घालून वर आला. “आई, कुत्रं बघितलंत? घराच्या खांबांमध्ये, निखाऱ्यांच्या बरोब्बर खाली ऊब घेत पडायचं. कालपासून फिरकत नाही. लांब कुंपणाशी बसून वर बघतंय.”

“त्यालाही पथ्य लागलं असेल,” बुआलाय म्हणाली.

“मी खामहुंगताईंना घेऊन येतो. बाळ दूध ओढतंय, पण येतच नाही काही.”

“नको. ती आली की आधी उतरवायला सांगेल.”

तेवढ्यात बाज वाजायला लागली. बांबूवर बांबू, बारीक, थांबता थांबेना. मोन थरथरत होती. तिचे डोळे दारावर खिळले होते.

“मावशीला आत घे ना,” ती म्हणाली. “बिचारी केव्हाची उभी आहे.”

“खामसिंग गेली बाळा.”

“ती नव्हे. तुझ्यासारखी दिसते ती. तिचेही दात वाजतायत.”

दारात कोणी नव्हतं. भुताखेतांना अडवायला चौकटीवर टांगलेला, बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला तारा वाऱ्याशिवाय हलत होता.

मोननं सेंगदावला कधी पाहिलं नव्हतं. पण दात वाजण्याचा तो आवाज बुआलायनं ऐकला होता. लहानपणी ती अशाच बाजेशी बसून बहिणीला वारा घालायची, आणि सेंगदाव म्हणायची, थंडी वाजते गं. आगीवर असताना म्हणायची. उतरण्याच्या आधी. म्हणजे उतरली म्हणून आजारी पडली नव्हती. आजारी होती, आणि ऊन शोधत उतरली होती. घरातल्या मोठ्यांनी मागाहून जे सांगितलं, तेच बुआलाय आयुष्यभर खरं धरून बसली होती.

तिनं मोनच्या कपाळाला हात लावला. काहीच कळेना. आगीशी काम करून हातच पोळलेला.

तिनं वाकून, दाराकडे न बघता, बाजेचा दोरा तोडला. आगीसमोर हात जोडून हळूच म्हणाली, “नवस माझा होता. विष द्यायचं तर मला दे.” मग जावयाला म्हणाली, “धर तिला खांद्यापाशी.”

दोघांनी मोनला ओसरीत अंथरलेल्या चटईवर निजवलं. नदीवरून वारा येत होता. बुआलायनं आपले हात माठातल्या पाण्यात बुडवून ठेवले. तिचा स्वतःचा घाम सुकला, थोंगदीच्या अंगावर गारव्यानं काटा आला. मग तिनं ओला, गार झालेला तळवा लेकीच्या कपाळावर टेकवला.

तो तळवा तिनं झटकन उचलला. इथं आग नव्हती.

“गरम आहे,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीपाशी तिनं तो शब्द उच्चारला. “फार गरम आहे. होडी काढ.”

खामसिंग मावशी बाळाला घेऊन दुसऱ्या होडीनं मागून येणार होती. थोंगदीनं इंजिनाची दोरी ओढली, इंजिन दोनदा फसलं, तिसऱ्यांदा लागलं. मागे घरातून अजून धूर निघत होता. आग कुणी विझवलीच नव्हती. कुंपणाशेजारचं कुत्रं काठाकाठानं थोडं पळालं आणि थांबलं.

मोनचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आता तिची थरथर थांबली होती, आणि ते बुआलायला थरथरीपेक्षा वाईट वाटत होतं.

“पाणी,” मोन पुटपुटली. “गार.”

बाळंतिणीला गार पाणी म्हणजे घोर पाप. बुआलायनं बाटलीचं झाकण काढलं, लेकीची मान उचलली आणि घोट घोट पाजायला सुरुवात केली. केंद्र अजून नदीच्या वळणापलीकडे होतं.

“प्यायलीस?” तिनं विचारलं. मग पुन्हा विचारलं, “मोन?”